लॉयल्टी टेस्ट, चावडी आणि 17 वर्षांची मुलगी: एका आईला उत्तर

प्रश्न सांगलीच्या एका आईचा आहे. तो थोडक्यात असा: मुलगी 17 वर्षांची, बारावीत. ‘स्प्लिट्सविला’ (एका व्हिलात राहून तरुण-तरुणींच्या जोड्या जमवण्याचा शो) आणि ‘बिग बॉस’ ती मोबाइलवर नेमाने पाहते. क्लासमधल्या एका मुलाशी तिचं जमलं होतं. दिवाळीनंतर तिनं मैत्रिणीला खोट्या नावानं इन्स्टाग्रामवर अकाउंट उघडायला लावलं आणि तो ‘लॉयल’ आहे का हे पाहायला त्याला मेसेज पाठवले. त्यानं चार-पाच उत्तरं दिली, त्यातलं एक जरा सलगीचं होतं. त्यांचे स्क्रीनशॉट क्लासच्या ग्रुपवर गेले. मुलगा आठवडाभर क्लासला आला नाही, त्याची आई घरी येऊन भांडून गेली आणि आता मुलगी खोलीचं दार लावून बसली आहे. आई विचारतात: हे त्या शोंमुळे झालं का? बघणं बंद करू का? आणि तिच्या मावसभावाला सांगून तिच्या अकाउंटवर गुपचूप लक्ष ठेवू का?

ताई, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी शेवटी देते. आधीची दोन नीट कळली की ते तुमचं तुम्हालाच सुचेल असं मला वाटतं.

मी पुण्यात कॉलेजच्या मुलामुलींचं समुपदेशन करते, त्याला 22 वर्षं झाली. मधली दोन वर्षं एका हिंदी रिअ‍ॅलिटी कार्यक्रमाच्या निवडीत उमेदवारांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घ्यायलाही बसले होते, त्यामुळे पडद्याची दुसरी बाजू थोडी जवळून पाहिली. खाली जी मुलं येतील त्यांचे तपशील मी ओळख पटू नये इतके बदलले आहेत.

सुरुवात ‘लॉयल्टी टेस्ट’ या शब्दापासूनच करू. मी काम सुरू केलं तेव्हा हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. मुली यायच्या आणि म्हणायच्या, “तो मला फसवतोय का, कळत नाही.” तेव्हाही संशय होता, रडणं होतं, मैत्रिणीला त्याच्या मागावर पाठवणंही होतं. पण त्याला नाव नव्हतं आणि ठरलेली रीत नव्हती. 2009 च्या अखेरीस बिंदास वाहिनीवर ‘इमोशनल अत्याचार’ सुरू झाला, अमेरिकेतल्या ‘चीटर्स’च्या धर्तीवर. त्याची बांधणी आठवून पाहा. आपल्या जोडीदारावर संशय असलेली मुलगी किंवा मुलगा कार्यक्रमाकडे येतो. कार्यक्रमाची माणसं त्या जोडीदाराच्या वाटेत एक देखणी व्यक्ती आणून सोडतात. छुपे कॅमेरे लागतात. तक्रार करणारी व्यक्ती पडद्यावर ते सगळं पाहत बसते आणि तिच्या चेहऱ्यावरही कॅमेरा असतो. शेवटी तिला थेट तिथे नेतात आणि सगळ्यांसमोर जाब विचारला जातो, प्रसंगी थोबाडीतही बसते.

संशय, सापळा, पुरावा आणि मग चार लोकांत पंचनामा. तुमच्या मुलीनं जे केलं त्याचा क्रम हाच आहे. ती तेव्हा जेमतेम जन्मली असेल, तिनं तो कार्यक्रम पाहिलेलाही नसेल. पण ही रीत त्या कार्यक्रमासोबत संपली नाही. रस्त्यावर जोडप्यांना थांबवून एकमेकांचे फोन तपासायला लावणारे व्हिडिओ, अनोळखी अकाउंटवरून ‘हाय’ पाठवून कोण कसं उत्तर देतो ते दाखवणारी रील्स, अशा रूपांत ती आज तिच्या हातातल्या फोनवर रोज येते. 2023 मध्ये जिओ सिनेमावर ‘टेम्प्टेशन आयलंड’ची भारतीय आवृत्ती आली. तिची तर कल्पनाच ही, की जोडप्यांना वेगळं करून प्रत्येकाभोवती मोहात पाडणारी माणसं ठेवायची आणि कोण टिकतं ते पाहायचं.

या रीतीत एक गोष्ट कुठेच नाही, ती म्हणजे विचारणं. “तू हल्ली माझ्याशी कमी बोलतोस, काही झालंय का?” हे वाक्य त्या बांधणीत बसूच शकत नाही. ते विचारलं आणि समोरच्यानं खरं उत्तर दिलं, तर भाग पाच मिनिटांत संपेल. कार्यक्रमाला तास भरायचा असतो, म्हणून विचारणं टाळून परीक्षा घ्यावी लागते. आमच्या मुलांच्या मनात मात्र हे उलटं बसतं: विचारणारा भोळा, परीक्षा घेणारा हुशार.

दुसरी गोष्ट चावडीची. ‘बिग बॉस मराठी’ 2018 साली महेश मांजरेकरांच्या सूत्रसंचालनात सुरू झाला. आठवड्याच्या शेवटी घरातल्यांची झाडाझडती घेण्याच्या भागाला पुढे ‘चावडी’ हे नाव मिळालं. 2024 साली रितेश देशमुख आले तेव्हा ते ‘भाऊचा धक्का’ झालं. चावडी हा शब्द ज्यानं निवडला त्याला मराठी गाव चांगलं ठाऊक असणार. चावडीवर सारा वसूल व्हायचा आणि तंटेही सुटायचे. पण एकदा चावडीवर गेलेलं भांडण त्या दोघांचं उरायचं नाही. तिथे पाटील असायचे, पंच असायचे, पारावरून ऐकणारी माणसं असायची आणि प्रत्येकाला मत असायचं. म्हणून शहाणी माणसं घरातलं घरात मिटवायची धडपड करत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते याचसाठी. दोन माणसांमधल्या काही गोष्टी उघड्यावर आल्या की त्यांची किंमत बदलते.

आज 17 वर्षांच्या मुलीला प्रेमातलं भांडण पाहायला मिळतं ते बहुतेक वेळा चावडीवरच. घरात तुम्ही आणि तुमचे यजमान तिच्यासमोर भांडत नसाल, आणि भांडून परत कसे बोलू लागता हे तर तिला कधीच दिसलं नसेल. आपल्या घरांत आईवडील प्रेमानं बोलतात तेही मुलांच्या नजरेआड. मग तिनं समेट पाहायचा कुठे? मी तुम्हाला दोष देत नाही, मीही अशाच घरात वाढले. पण ही रिकामी जागा आपण ठेवली आहे आणि ती पडद्यानं भरली, हे मान्य करून पुढे जाऊ.

आता हे बनतं कसं ते सांगते, कारण तुमच्या मुलीशी बोलताना याचाच सर्वांत जास्त उपयोग होईल.

निवडीच्या कामात माझ्याकडून अपेक्षा होती की कोण ताण सहन करू शकेल आणि कोण नाही, हे मी लिहून द्यावं. मी मन लावून लिहायचे: “ही मुलगी नाकारलं जाणं सहन करू शकत नाही, चटकन टोकाला जाते, तिला घेऊ नये.” काही आठवड्यांनी अंतिम यादी पाहिली, तर मी ‘घेऊ नये’ लिहिलेल्यांपैकी बरेच जण आत होते आणि ज्यांना मी शांत, समतोल म्हटलं होतं ते बाहेर. माझी सावधगिरीची टिपणं तिथे शिफारसपत्रासारखी वाचली जात होती. तो कार्यक्रम कुठला हे सांगणार नाही, आणि सगळीकडे असंच चालतं असंही मी म्हणत नाही. पण त्या दिवसापासून पडद्यावर एखादी मुलगी किंचाळताना दिसली, की ती तिथे कशी पोहोचली असेल हा प्रश्न माझ्या मनात आधी येतो. मी ते काम सोडलं. आणखी आधी सोडायला हवं होतं.

नंतर संकलन. ‘बिग बॉस’च्या घरात दिवसाची 1,440 मिनिटं कॅमेरे चालू असतात. जाहिराती वगळल्या तर आपल्याला त्यातली साधारण 45 मिनिटं दिसतात, म्हणजे दिवसाचे जेमतेम तीन टक्के. तेही एकच कॅमेरा आहे असं धरून, प्रत्यक्षात घरभर कॅमेरे असतात. त्या तीन टक्क्यांत शांतपणे भांडी घासणारी, एकमेकांची विचारपूस करणारी माणसं कशी टिकतील? शिवाय एखाद्याच्या तीन वेगवेगळ्या वेळच्या बोलण्यातले तुकडे जोडून नवं वाक्य तयार करता येतं. परदेशी संकलकांनी त्याला ‘फ्रँकनबाइट’ असं नावच दिलं आहे. वाक्याच्या मध्येच बोलणाऱ्याचा चेहरा जाऊन दुसऱ्या कुणाचा चेहरा दिसू लागला, की कान टवकारावेत. जोड बहुधा तिथेच लपवलेला असतो.

ब्रिटनच्या ‘लव्ह आयलंड’ या डेटिंग शोमध्ये 2018 साली घडलेला प्रसंग मी कार्यशाळेत मुलांना नेहमी सांगते. डॅनी डायर या स्पर्धक तरुणीला एक छोटी चित्रफीत दाखवली गेली. तिचा जोडीदार तेव्हा दुसऱ्या घरात होता आणि त्याची जुनी मैत्रीण तिथे येऊन थडकली होती. त्याचा दचकलेला चेहरा तिला दिसला. त्यानंतर तो तिच्याशी एकनिष्ठच राहिला हे दाखवलं गेलं नाही. ती कोसळून रडली. प्रेक्षकांनी ब्रिटनच्या ‘ऑफकॉम’ या नियामक संस्थेकडे अडीच हजारांहून अधिक तक्रारी केल्या. त्या चित्रफितीत खोटं काहीच नव्हतं. पुढचं-मागचं काढून टाकलेलं सत्य कसं दुखवतं, एवढंच तिथे दिसतं. तुमच्या मुलीच्या मैत्रिणीनं क्लासच्या ग्रुपवर टाकलेले स्क्रीनशॉटही याच जातीचे आहेत. त्या मुलानं उत्तरं दिली हे खरं. पण त्याला त्याआधी किती आणि कसे मेसेज आले, तो किती वेळा गप्प राहिला, हे त्या चित्रांत नाही.

आणि एक गोष्ट माझ्या मते या सगळ्याहून मोठी आहे, पण तिच्याविषयी फार कमी बोललं जातं. त्या घरात किंवा त्या व्हिलामध्ये बाहेरचं जगच नसतं. घड्याळ नाही, फोन नाही, वर्तमानपत्र नाही. माणसं दोन आठवड्यांत एकमेकांना इतकी चिकटतात, कारण बोलायला दुसरं कुणी नसतं. ती ओढ अनेकदा खरीही असते. शिबिरात किंवा लांबच्या प्रवासात आपल्यालाही असं होतं. पण तिथलं प्रेम कधी एसटीची वाट पाहत नाही. त्याला सीईटीचा अभ्यास नाही, वडिलांचं आजारपण नाही, हॉस्टेलची साडेनऊची वेळ नाही, महिनाअखेरचे रिकामे खिसे नाहीत. आणि जात तर नाहीच. 22 वर्षांत माझ्यासमोर बसून रडलेल्या जोड्यांपैकी कितीतरी जणांचं जात, पत्रिका, मुलाची नोकरी आणि गावाकडची जमीन यांवर मोडलं. पडद्यावरच्या प्रेमाला यातलं काहीच आडवं येत नाही, तिथे अडसर म्हणून फक्त दुसरी मुलगी किंवा दुसरा मुलगा असतो. मग आमची मुलं आपल्या नात्यात काही बिनसलं की कारण तिथेच शोधतात: “नक्की दुसरी कुणीतरी आहे.” त्या मुलानं तुमच्या मुलीशी बोलणं कमी केलं, त्याचं कारण पूर्वपरीक्षेत पडलेले गुणही असू शकतं. तिला ते सुचलं नाही, कारण तिनं पाहिलेल्या गोष्टींत नापास होऊन कुणी गप्प झालेलं नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न: हे शोंमुळे झालं का?

या विषयावर अमेरिकेत बरंच काम झालं आहे. 2006 साली झुर्ब्रिगन आणि मॉर्गन या दोघींनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डेटिंगचे रिअ‍ॅलिटी शो जास्त पाहणाऱ्यांत ‘डेटिंग हा एक खेळ आहे’, ‘स्त्री-पुरुष एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतात’ अशा समजुती जास्त आढळल्या. पण नुसतं पाहण्यापेक्षा, मुलं किती गुंतून पाहतात आणि त्यातून काही शिकायच्या हेतूनं पाहतात का, याला त्यात बरंच महत्त्व होतं. शिवाय अशा अभ्यासातून कार्यकारण सिद्ध होत नाही. तशा समजुती आधीपासून असलेली मुलंही असे शो अधिक आवडीनं पाहत असतील. उलट बाजूचं उदाहरणही आहे. एमटीव्हीच्या ‘16 अँड प्रेग्नंट’ या मालिकेत कोवळ्या वयात आई झालेल्या मुलींची ओढाताण दाखवली गेली. ती आल्यानंतर अमेरिकेत किशोरवयीन मातांचं प्रमाण घटायला या मालिकेनं हातभार लावला, असं केअर्नी आणि लेव्हाइन या अर्थशास्त्रज्ञांनी 2014-15 मध्ये मांडलं. पुढे इतर संशोधकांनी त्यांच्या पद्धतीवर जोरदार आक्षेप घेतले. वाद बाजूला ठेवला तरी एक मुद्दा उरतो: ‘रिअ‍ॅलिटी शो’ म्हणजे सरसकट विष नव्हे. काय दाखवलंय आणि पाहणारा त्याला किती खरं मानतो, यावर बरंच अवलंबून असतं.

माझ्या अनुभवातून मी असं म्हणेन: शोमुळे संशय जन्मत नाही. 17 व्या वर्षी नाकारलं जाण्याची भीती निसर्गच देतो, शो त्या भीतीला भाषा आणि रीत देतो. भाषेचं सांगते. लातूरकडून पुण्यात शिकायला आलेला एक मुलगा माझ्याकडे आला होता. त्याची मैत्रीण भांडणात रडली होती. मी विचारलं, “ती रडली तेव्हा तुला काय वाटलं?” तो म्हणाला, “मॅम, ती खरं रडत नव्हती. फुटेज खात होती.” त्या खोलीत कॅमेरा नव्हता. ते दोघंच होते. तरी त्याला समोरच्या अश्रूंमागे एक प्रेक्षक दिसत होता. ‘गेम खेळतेय’, ‘कनेक्शन बनवतोय’, ‘सिंपथी कार्ड’ हे शब्द घरातल्या स्पर्धकांनी एकमेकांबद्दल वापरले तर समजू शकतं, तिथे बक्षिसाची रक्कम असते. पण तेच शब्द हॉस्टेलच्या गच्चीवर आले की विश्वास ठेवणं म्हणजे हरणं होऊन बसतं. त्या मुलाबरोबर मी चार महिने काम केलं. “ती दुःखी होती” हे साधं वाक्य म्हणायला त्याला सहा बैठका लागल्या.

आणि रीतीचं सांगते. दुसऱ्या एका मुलीला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तिच्या मित्रानं गुडघ्यावर बसून मागणी घातली. आजूबाजूला तीसचाळीस फोन वर झाले, “हो म्हण, हो म्हण” असा गलका. ती हो म्हणाली. तो व्हिडिओ गावभर फिरला, सगळ्यांना फार गोड वाटला. तीन दिवसांनी ती माझ्यासमोर बसून म्हणाली, “मला नाही म्हणायचं होतं, पण तिथे कसं म्हणणार?” मुलगा वाईट नव्हता. त्यानं पडद्यावर जे पाहिलं ते त्याला प्रेमाचं सर्वोच्च रूप वाटलं होतं. जिथे ‘नाही’ म्हणायला जागाच नाही, तिथे मिळालेला होकार हा होकार नसतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. लग्नाचा तमाशा पडद्यावर मांडण्याची सवय आपल्याला 2009 च्या ‘राखी का स्वयंवर’नं आणि 2010 च्या ‘राहुल दुल्हनिया ले जाएगा’नं लावली. पहिल्यात साखरपुडा झाला तो काही महिन्यांत मोडला, दुसऱ्यात लग्न लागलं त्याचा पुढे घटस्फोट झाला. ते सोहळे लाखोंनी पाहिले. पुढे जे झालं ते बातमीच्या एका ओळीत आलं.

चांगली बाजू सांगायलाच हवी, नाहीतर तुमची मुलगी तुमचं ऐकणार नाही आणि तिचं बरोबर असेल. 2018 मध्येच ब्रिटनमधल्या ‘विमेन्स एड’ या संस्थेनं ‘लव्ह आयलंड’मधल्या एका स्पर्धकाच्या वागण्यात मानसिक छळाची चिन्हं दिसतात, असं जाहीरपणे सांगितलं. आधी गोड बोलायचं, मग दुखवायचं, आणि तिनं तक्रार केली की तिलाच वेडी ठरवायचं, अशा वागण्याला ‘गॅसलायटिंग’ म्हणतात, हे त्या चर्चेतून असंख्य तरुण मुलींना कळलं. माझ्याकडेही अशी एक मुलगी आली होती. ‘बिग बॉस’मध्ये एका पुरुष स्पर्धकाला मैत्रिणीवर आवाज चढवल्याबद्दल सूत्रसंचालकानं झापलं, ते पाहून ती म्हणाली, “मॅम, माझा मित्र रोज असंच बोलतो. मला वाटायचं माझंच चुकतंय.” दीड वर्ष मैत्रिणी तिला जे समजावत होत्या, ते त्या दहा मिनिटांत तिला पटलं.

भावनिक गुंतवणूकही खोटी नसते. अभिनेते सिद्धार्थ शुक्ला 2 सप्टेंबर 2021 रोजी वयाच्या 40 व्या वर्षी गेले. ‘बिग बॉस 13’ मधली त्यांची आणि शहनाज गिल यांची जोडी मुलांनी मनापासून जपली होती. त्या आठवड्यात माझ्याकडे तीन मुली आल्या, झोप नाही, जेवण नाही. घरचे हसले होते: “तुझा कोण लागत होता?” पडद्यावरच्या माणसाशी जडणाऱ्या अशा एकतर्फी नात्याविषयी हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी 1956 सालीच लिहून ठेवलं आहे. टीव्ही तेव्हा नवा होता. ते दुःख खरंच असतं. त्यावर हसलं की मूल पुढच्या वेळी आपल्याकडे येत नाही.

नियमांवर विसंबू नका, एवढं थोडक्यात सांगते. 2010 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं ‘बिग बॉस’ आणि ‘राखी का इन्साफ’ रात्री 11 ते पहाटे 5 या वेळेतच दाखवा असा आदेश काढला होता. ‘बिग बॉस’ची वाहिनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि स्थगिती मिळाली. आता तर मोबाइलला वेळच नाही. 2021 च्या नियमांनुसार ओटीटीवर 13, 16 अशी वयं लिहिलेली असतात, पण ती वाचायची कुणी?

म्हणून दुसरा प्रश्न: बंद करू का? नको. 17 व्या वर्षी बंद केलेली गोष्ट मैत्रिणीच्या फोनवर पाहिली जाते आणि मग तुम्ही त्या संभाषणातून कायमच्या बाहेर पडता. एक भाग तिच्याबरोबर बसून पाहा. पहिल्या दिवशी काहीही शिकवू नका. तिला विचारा, यात तुला कोण आवडतं आणि का. ती तासभर बोलेल, ऐकून घ्या. दोन-तीन भाग झाल्यावर एखादा प्रश्न टाका: “हे बोलताना ती कुठे होती, आणि हा चेहरा कुठला?” मुलांना जोड शोधायला फार आवडतं. माझ्या कार्यशाळेत हाच खेळ सर्वांत रंगतो. पुढे कधीतरी विचारा: “हिनं त्याला सरळ विचारलं असतं तर?” आणि ‘स्प्लिट्सविला’त ओरॅकल नावाचं ते यंत्र एखाद्या जोडीला ‘आयडियल मॅच’ ठरवतं, तेव्हा विचारा: “तुला आणि तुझ्या जिवलग मैत्रिणीला या यंत्रानं नापास केलं, तर तू मैत्री तोडशील?” उत्तर तिला देऊ द्या.

पण हे सगळं नंतर. आज तुमच्या घरात दार लावून बसलेली एक मुलगी आहे आणि गावात तोंड लपवणारा एक मुलगा आहे. तुमच्या पत्रात त्या मुलाविषयी एकच ओळ आहे, म्हणून मला त्याची जास्त काळजी वाटते. 17-18 वर्षांच्या मुलाचं चारचौघांत हसं होणं ही लहान गोष्ट नाही. मुलीनं आधी मैत्रिणीला ग्रुपवरचे स्क्रीनशॉट काढून टाकायला आणि ते खोटं अकाउंट बंद करायला सांगावं आणि त्याच ग्रुपवर लिहावं की हे मी करवलं, ते चूक होतं. चूक चारचौघांत झाली, तर ती मान्यही तिथेच व्हायला हवी. मुलाची माफी मात्र वेगळी, खासगीत, आणि त्यात ‘पण तूही’ नको. त्यानं उत्तर दिलं नाही तरी तिनं पुन्हा पुन्हा मेसेज करू नये. तुम्ही त्याच्या आईकडे स्वतः जा. भांडण आठवून जाऊ नका, तिचा मुलगा जेवतोय का, झोपतोय का हे विचारायला जा. दोघांपैकी कुणीही ‘जगण्यात अर्थ नाही’ अशा अर्थाचं बोललं, तर वाट पाहू नका. मानसिक आरोग्यासाठीचा ‘टेलिमानस’चा 14416 हा क्रमांक केंद्र सरकारचा आहे, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. लहान मुलांसाठीचा 1098 हाही आहे.

कायद्याची भीती तिला घालू नका, पण माहिती द्या. संगणकाच्या किंवा फोनच्या साधनानं दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 ड खाली गुन्हा ठरू शकतो. आणि उद्या कुणा पुरुषानं तिचा पासवर्ड घेऊन तिच्या नकळत तिच्या मेसेजवर पाळत ठेवली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 78 स्त्रीच्या बाजूनं उभं आहे, हेही तिला कळू द्या. ‘प्रेम असेल तर पासवर्ड दे’ हे वाक्य तिनं कुठे ना कुठे ऐकलेलं असणारच.

आता मावसभाऊ. तुम्हाला मुलीविषयी शंका आहे, तिला विचारायची भीती वाटते, म्हणून तिच्या ओळखीच्या माणसाला तिच्या नकळत तिच्यावर नजर ठेवायला सांगायचं, आणि काही सापडलं तर ते तिच्यासमोर मांडायचं. ताई, हे मी लिहिलेलं पुन्हा एकदा वाचा आणि वर ‘इमोशनल अत्याचार’विषयी जे लिहिलंय त्याच्या शेजारी ठेवून पाहा. मावसभावाला काही सांगू नका. संध्याकाळी तिच्या दारावर टकटक करा, ताट आत घेऊन जा, आणि तिच्या फोनकडे न पाहता विचारा, “तो बोलायचा बंद झाला तेव्हा तुला कसली भीती वाटली होती?” ती लगेच बोलणार नाही. ताट तिथेच ठेवून थोडा वेळ बसा.